हायब्रीड ज्वारी आणि हायब्रीड गाडी

आमच्या खानदेशात ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीच्या आधी ज्वारीबरोबर आला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण देशात प्रसारित झालं आणि पुढच्या काही वर्षांत ते गावोगावच्या शेतांत उभं राहिलं. ‘संकरित’ हा शब्द सरकारी पत्रकात राहिला. शेतकऱ्यानं इंग्रजी शब्दच उचलला, तोही आपल्या जिभेला सोसेल तसा. कुणी हायब्रीड म्हणे, कुणी हायब्रेट. पीक मात्र भरघोस आलं. कणसं मोठी, दाणा टपोरा, एकरी उतारा जुन्या वाणाच्या कितीतरी पुढं. त्या ज्वारीनं पोटं भरली, हे आधी सांगायला हवं. कारण ते कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की भाकरीला चव नाही, ताटं बुटकी म्हणून कडबा कमी, आणि परतीचा पाऊस गाठला की दाणा काळा पडतो. घरी खायला दादर, पाहुण्याला दादर. रब्बीतली ही आमची ज्वारी म्हणजे खानदेशी माणसाचा जीव की प्राण. हायब्रीड मजुराला, नाहीतर बाजारात.

तिथून तो शब्द शेताबाहेर पडला तो बदनामी घेऊनच. शाळेच्या कवायतीत पोरगं चक्कर येऊन पडलं की मास्तर म्हणायचे, “हायब्रीड खाऊन वाढलेली पोरं ही.” नव्या घराची भिंत चिरली, हायब्रीड. सुनेनं केलेल्या लोणच्याला बुरशी आली, हायब्रीड. जे दिसायला टपोरं आणि आतून पोकळ, त्याचं नाव हायब्रीड. शब्दाला लागलेली अशी बदनामी धुऊन काढणं फार अवघड असतं. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून हे ठाऊक आहे.

आता याच शब्दाची गाडी बाजारात आली आहे आणि धरणगावात तिच्याविषयी बोलताना माणसं कधी हसतात, कधी मान हलवतात. पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी गाडी लोक का घेतात आणि का घेत नाहीत, याचा उलगडा मुंबई-पुण्याच्या शोरूममध्ये एका तऱ्हेनं होईल. आमच्या चौकात तो दुसऱ्या तऱ्हेनं होतो. कारण आमच्याकडे गाडीच्या आधी ज्वारी उभी आहे.

ज्वारीच्या शेजारीच कापूसही उभा आहे, आणि तिथं गंमत आहे. १९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठी आलेलं कापसाचं ते जगातलं पहिलं संकरित वाण. सुरत म्हणजे आमच्याच रेल्वेलाइनचं दुसरं टोक. पुढं २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आपल्याकडे बीटी कापूस म्हणून जे बियाणं आलं तेही संकरितच. म्हणजे जो शेतकरी ‘हायब्रीड म्हणजे बिनचवीचं’ असं म्हणतो, तोच दर जूनमध्ये हायब्रीड बियाण्याच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रासमोर रांगेत उभा असतो. मी एकदा एका शेतकरी मित्राला हा विरोधाभास बोलून दाखवला. तो म्हणाला, “भाऊ, कापूस विकायचा असतो, ज्वारी खायची असते.”

गाडीच्या बाबतीत हाच निकष लागतो, असं माझं मत आहे. हायब्रीड चालेल, पण विकायच्या मालात, जिथं पैसा उभा राहतो तिथं. घरात यायचं असेल तर माणूस दहा वेळा हुंगून बघतो. आता मोटार ही विकायची वस्तू की खायची? भाड्यानं गाडी चालवणाऱ्याला ती कापूस आहे. गुरुजींना, डॉक्टरांना, जिनिंगवाल्या शेठजींना ती भाकरी आहे. ती घरातली आहे, लेकीला सासरी पोचवणारी आहे, निकाहात दूल्ह्याला बसवणारी आहे.

आधी ही गाडी चालते कशी ते सांगतो. आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, “रात्री चार्जिंगला लावावी लागते का?” आणि त्याला जोडूनच, “लाइट गेली तर?” ज्या गावांनी दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन काढलं आहे, तिथं हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की लावावी लागत नाही. प्लग लावून चार्ज करता येणाऱ्या हायब्रीड गाड्याही जगात आहेत. पण आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस ज्या हायब्रीड गाड्यांकडे बघतो, त्यांना वायर लावायची सोयच नसते. पेट्रोल भरायचं आणि निघायचं. बॅटरी आपली आपण भरते.

ती भरते कशी? आपल्या पिढीनं डायनामोची सायकल चालवली आहे. अंधार पडला की डायनामो चाकाला टेकवायचा, आणि टेकवला रे टेकवला की पायडल जड लागायचं. दिवा पेटायचा तो आपल्या पायातल्या जोरावर. हायब्रीड गाडीत हेच उलट्या बाजूनं वापरलं आहे. गाडी थांबवायची असते तेव्हा तिला जड करायचंच असतं. साध्या गाडीत ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर घासतात, तबकडी तापते आणि गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन हवेत उडून जातो. पैसे मोजून घेतलेल्या पेट्रोलची ती राख. हायब्रीडमध्ये ब्रेकवर पाय ठेवला की गाडी ओढणारी विजेची मोटरच डायनामो होते. चाकाला जडपणा येतो, वेग कमी होतो, आणि जी वीज तयार होते ती बॅटरीत जाते. पुढं गाडी पुन्हा हलवताना ती वीज कामी येते. इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं ते उभी गाडी हलवताना आणि रांगत चालवताना. नेमकी तीच वेळ मोटर सांभाळते. घाटाच्या पायथ्याशी जोडीला आणखी दोन बैल जुंपायचे आणि वर पोचल्यावर सोडायचे, त्यातलाच प्रकार.

यात एक मेख आहे, आणि आमच्या भागाच्या दृष्टीनं तीच मुख्य आहे. ही कमाई ब्रेक मारण्यातून, थांबण्यातून होते. पुण्याच्या गर्दीत गाडी दर शंभर पावलांवर थांबते, तिथं हायब्रीडची चांदी. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा महामार्ग एका वेगात कापणाऱ्या माणसाला ती कमाई बरीच कमी होते. फायदा असतो, कारण या गाड्यांचं इंजिनही काटकसरी बांधणीचं असतं. पण शहरात दिसतो तेवढा नाही. आमच्या गावात तिला खरा वाव कुठं असेल तर आठवडे बाजाराच्या दिवशी भर बाजारपेठेत. दहा पावलांवर हातगाडी, त्यापुढं म्हैस.

आणखी एक गोष्ट. या गाडीच्या नावातच घोटाळा झाला आहे. संकर म्हणजे दोन जाती मिसळून तिसरी होणं. हायब्रीड गाडीत तसं काही होत नाही. इंजिन इंजिनच राहतं, मोटर मोटरच राहते, दोघं मिळून एक काम करतात. ही ज्वारीची गोष्ट नाही, ही कळण्याची गोष्ट आहे. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. ठेचा आणि कांद्याबरोबर ती खाताना कुणाही खानदेशी माणसानं ‘हे भेसळीचं आहे’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मिश्रणाचं आपल्याला वावडं नाहीच. खरेदी करताना आपण जे शब्द वापरतो ते बघा: किंमत, बाजार, हिशेब, नफा, कर्ज, जामीन, हप्ता. सगळे अरबी-फारसीतून आलेले आणि मराठीत घरच्यासारखे राहिलेले. मी घरी उर्दू बोलतो, गल्लीत अहिराणी आणि कविता मराठीत लिहितो. मला कुणी हायब्रीड म्हटलं तर मी म्हणतो, कळणा म्हणा.

असो. गाडीकडे येऊ.

कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० साली पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र आणलेली गाडी बांधली होती. पण पेट्रोल स्वस्त होतं आणि बॅटऱ्या बोजड, त्यामुळे ते प्रकरण मागं पडलं. १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाची प्रायस विक्रीला आली आणि हायब्रीड खऱ्या अर्थानं रस्त्यावर उतरली. अमेरिकेत तर ती गाडी म्हणजे एक भूमिकाच झाली. ‘मला पर्यावरणाची काळजी आहे’ हे शेजाऱ्याला न बोलता सांगायचं साधन. तिथल्या एका पाहणीत, २००७ साली, प्रायस घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी गाडी घेण्याचं मुख्य कारण हेच दिलं होतं, की ही गाडी माझ्याविषयी काहीतरी सांगते. आमच्याकडेही गाडी मालकाविषयी बरंच सांगते. मात्र धुराविषयी काही सांगत नाही. कापूस कसा गेला, ते सांगते.

भारतात होंडानं २००८ साली सिव्हिक हायब्रीड आणली. किंमत वीस लाखांच्या वर. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत काही लाखांनी उतरवून माल काढावा लागला. २०१० साली प्रायस आली, तीही श्रीमंतांच्या अंगणापुरती. खानदेशात या गाड्या लोकांनी मासिकातच पाहिल्या.

मग २०१५ साली एक मजेदार गोष्ट घडली. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा या डिझेल गाड्यांच्या मागं ‘एसएचव्हीएस’ अशी अक्षरं आली. ती हायब्रीडच होती, पण सौम्य जातीची. चौकात गाडी उभी राहिली की इंजिन बंद होणार, निघताना छोटी मोटर थोडा हात देणार. नुसत्या मोटरवर ती चालत नव्हती. केंद्र सरकारनं त्याच वर्षी ‘फेम’ योजना सुरू केली होती, तिच्यातून या गाड्यांना अनुदान मिळत होतं. आमच्याकडे अशा गाड्या आल्या, भाड्याला लागल्या, लग्नाच्या वराती घेऊन गेल्या. त्यांच्या मालकांना विचारा, तुमची गाडी हायब्रीड आहे का? तो म्हणेल, “नाही हो, डिझेल आहे.” ‘एसएचव्हीएस’चा अर्थ विचारायला कुणी गेलं नाही. म्हणजे जोवर शब्द कानावर पडला नव्हता तोवर हायब्रीड गाडीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

पुढं सरकारचंच मन बदललं. १ एप्रिल २०१७पासून सौम्य हायब्रीडचं अनुदान गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रीड गाड्यांवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के उपकर, म्हणजे ४३ टक्के बोजा पडला. २२ सप्टेंबर २०२५पासून नवे दर आले तेव्हा उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांचा दर ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला १८ टक्के दर मिळाला, मग ती हायब्रीड असो वा नसो. पण ज्या पक्क्या हायब्रीड गाड्यांबद्दल आपण बोलतो आहोत त्या चार मीटरहून लांब आहेत. निव्वळ विजेच्या गाडीवर मात्र ५ टक्के. आपल्या राज्यात विजेच्या गाडीला मोटार वाहन करातून सूट आणि २०२५च्या ऑगस्टपासून समृद्धी महामार्गावर टोलमाफी. हायब्रीडला यातलं काही नाही. उत्तर प्रदेशानं २०२४च्या जुलैत पक्क्या हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा त्याची बातमी आमच्या चहाच्या दुकानात वाचली गेली होती. एक किराणा दुकानदार म्हणाले, “ज्या मालाला सरकार आज गूळ लावतं आणि उद्या मीठ, तो माल आपण कशाला घ्यायचा?” टक्केवारी कुणाच्या लक्षात राहत नाही. धोरणाची धरसोड मात्र बरोबर लक्षात राहते.

२०२२ साल उजाडलं तेव्हा चित्र थोडं पालटलं. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रीड आली, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा आली, वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली. या इनोव्हानं आमच्याकडे जे काम केलं ते कुठल्याही जाहिरातीनं केलं नसतं. महाराष्ट्रात पुढाऱ्याची गाडी म्हणजे इनोव्हा, हे समीकरण पंधरा-वीस वर्षांचं. ती डिझेलची होती तेव्हा लोकांनी डिझेलची घेतली, हायब्रीड झाली तेव्हा हायब्रीड घेतली. घेणाऱ्यानं हायब्रीड घेतलीच नाही, त्यानं इनोव्हा घेतली. शब्दाला भाव नव्हता, नावाला होता.

पण पुढाऱ्यांचा आणि शेठजींचा हिशेब वेगळा. मला सांगायचं आहे माझ्या भाच्याविषयी. त्याची भाड्याची गाडी आहे. पेशंट घेऊन जळगाव, नाशिक, सुरत, श्रावणात सप्तशृंगी, शिर्डी, उरुसाला अजमेर. महिन्याला पाच हजार किलोमीटर सहज होतात. जुनी गाडी थकली तेव्हा घरात नवीचा विषय निघाला, आणि तो वही घेऊन माझ्याकडे आला. “मामू, तुम्ही बीए आहात, हिशेब बघा.” बीएचा आणि हिशेबाचा काय संबंध, हे त्याला कोण सांगणार! पण बसलो.

आकडे आम्ही सोपे धरले. पेट्रोल शंभर रुपये लिटर, म्हणजे प्रत्यक्षाहून थोडं कमीच. साधी पेट्रोल गाडी आणि तीच गाडी हायब्रीडमध्ये, यांच्या किमतीत फरक तीन लाखांचा. कागदावर ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या हायब्रीडचं एव्हरेज २७.९७ आहे, सौम्य हायब्रीडचं २१.११. पण कागदी एव्हरेज आणि लग्नाच्या पत्रिकेतली वेळ, दोन्हींत थोडं कमी-जास्त धरावं लागतं. आम्ही आमच्या रस्त्यांसाठी साध्या गाडीला १८ धरलं, हायब्रीडला २४. साध्या गाडीला किलोमीटरमागं पाच रुपये छप्पन पैशांचं पेट्रोल लागतं, हायब्रीडला चार रुपये सतरा पैशांचं. वाचले एक रुपया एकोणचाळीस पैसे. या दरानं तीन लाख परत यायला गाडी दोन लाख सोळा हजार किलोमीटर चालली पाहिजे.

वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्या गुरुजींना त्यासाठी अठरा वर्षं लागतील. म्हणजे नोकरीला लागलेला मुलगा ती गाडी चालवेल. माझ्या भाच्याला साडेतीन वर्षांपेक्षा थोडं अधिक. ऐकून त्याचा चेहरा उजळला. पण त्यानं माहितीपत्रकाची घडी उलगडली आणि बॅटरीच्या हमीवर बोट ठेवलं. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जे आधी भरेल ते. त्याचे एक लाख साठ हजार दोन वर्षं आठ महिन्यांत भरतात. म्हणजे गाडीचे जादा पैसे वसूल व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधीच बॅटरीची हमी संपते. शिवाय जादाच्या तीन लाखांवरचं व्याज आम्ही धरलेलंच नव्हतं.

हाच हिशेब पुण्याच्या गर्दीसाठी करून पाहिला. तिथं साधी गाडी १२ देते आणि हायब्रीड २२, असं धरलं. तर ऐंशी हजार किलोमीटरच्या आतच तीन लाख फिटतात, हमी शाबूत असताना. म्हणून एखादा पुणेकर ‘हायब्रीड परवडते’ म्हणतो आणि धरणगावकर ‘परवडत नाही’ म्हणतो, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. खेड्यातली माणसं नव्याला घाबरतात, असं या बाबतीत शहरात सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. आमची माणसं नव्याला घाबरत असती तर पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पाण्याचे पंप त्यांनी वापरले नसते. दोन इंधनांची हायब्रीडच होती ती एका अर्थानं. घरगुती गॅसची टाकी लावून रिक्षा आणि व्हॅन चालवण्याचा प्रकार तर कायद्याविरुद्ध आणि जिवावरचा, तोही केला. फायदा पहिल्या दिवशी दिसला की भीती कुठल्या कुठं पळते. हायब्रीडचा फायदा साडेतीन वर्षांनी दिसणार. तोवर धीर धरण्याइतकं भांडवल कुणाजवळ आहे, हा प्रश्न आहे. ज्याचं चाक जास्त फिरतं त्याच्या हाती पैसा कमी, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याचं चाक फारसं फिरत नाही. हायब्रीड आमच्याकडे अडली आहे ती इथं.

बॅटरीची भीती खरी किती? परदेशात प्रायस टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या आहेत. हमी संपली त्या दिवशी बॅटरी मरते असं नाही. आणि ही बॅटरी फार मोठीही नसते. हायरायडर, ग्रँड विटारा यांच्या हायब्रीड बॅटरीत वीज मावते पाऊण युनिट. आपल्या घरातला एक पंखा तिच्यावर रात्रभर चालेल, इतकीच. निव्वळ विजेच्या गाडीत वीस-तीस युनिटांपासून पुढं असते. त्यामुळे बदलायची वेळ आलीच तरी विजेच्या गाडीइतका खड्डा पडत नाही. पण हे मी सांगून उपयोग नाही. आमच्या चौकातला प्रश्न अहिराणीत येतो, “बॅटरी मरी गयी ते मंग काय करानं?” आणि त्याचं उत्तर लोकांना आकड्यात नको असतं. कुणाची मेली, कुठं बदलली, किती घेतले, हे नावगावासकट हवं असतं.

मग मिस्तरीचा मुद्दा. आमच्या स्टँडजवळच्या मिस्तरीला नुसता आवाज ऐकून इंजिनाचा रोग कळतो. त्याला मी हायब्रीडविषयी विचारलं. त्यानं एकच गोष्ट सांगितली, “त्या गाडीत नारिंगी वायर असते. नारिंगीला हात लावायचा नाही.” त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्या केबलमधून मोठ्या दाबाची वीज जाते आणि प्रशिक्षणाशिवाय तिला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पण त्या वाक्याचा दुसरा अर्थ असा, की ही गाडी रात्री अकरा वाजता पारोळ्याजवळ बंद पडली तर तो येणार नाही. पेशंट गाडीत असेल तरी नाही. गाडी कंपनीच्याच दारात न्यायची.

इथं पुन्हा कापूस आठवतो. हायब्रीड बियाण्याचा धर्म असा, की त्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पहिल्यासारखं पीक येत नाही. पूर्वी सरकी घरात ठेवायची आणि मृगाला पेरायची. हायब्रीड आलं तसं बी घरचं राहिलं नाही, दर साली दुकानाची पायरी आली. उत्पन्न वाढलं, हेही तितकंच खरं. पण शेतकऱ्याच्या मनात हायब्रीड म्हणजे ‘पुन्हा दुकानात यावं लागेल’ ही खूणगाठ बसली. गाडीकडे तो त्याच डोळ्यांनी बघतो. आणि बियाण्याचा जो अनुभव त्याच्या गाठीशी आहे तो बघता, तो चुकतो आहे असं मला म्हणवत नाही. हे मन बदलायचं असेल तर जाहिरातीचा खर्च थोडा कमी करून तालुक्यातल्या दोन-दोन मिस्तऱ्यांना त्या नारिंगी वायरचं शिक्षण आणि प्रमाणपत्र द्यावं. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांहून हा स्वस्त पडेल.

उन्हाचाही प्रश्न येतो. मे महिन्यात आमचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि बॅटरीला उष्णता मानवत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच बऱ्याच हायब्रीड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिथून थंड हवा ओढून पंखा बॅटरीला देतो. ती जाळी झाकायची नाही, इतकंच पथ्य. पण खानदेशात मागच्या सीटवर काय काय असतं! केळीची फणी, धान्याची पोती, आणि हंगामात कापसाचा तंतू तर हवेतच असतो. जिनिंगवाल्या एका शेठजींनी ही गाडी घेतली आहे. त्यांना मी ती जाळी दाखवली. तिच्यावर रुईचा पातळ थर बसला होता. डिलिव्हरी घेताना आरती झाली, पेढे वाटले, फोटो काढले. जाळीबद्दल मात्र त्यांना कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

शेठजी गाडीवर खूश आहेत. पेट्रोलचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. त्यांना आवडतो तो तिचा मुकेपणा. सकाळी गल्लीतून गाडी मोटरवर निघते तेव्हा इंजिनाचा आवाज नसतो. गाडीला मुद्दाम बारीकसा सूर दिलेला आहे, पण आमच्या गल्लीतल्या बकऱ्या तो मानत नाहीत. त्यांना वाजवलेला हॉर्नच कळतो. मलाही तो मुकेपणा आवडला. बालकवींच्या जन्मगावात एखादी गाडी न गुरगुरता जाते, हे बरं वाटतं. मात्र त्यासाठी कुणी तीन लाख जादा द्यावेत, असं मी म्हणणार नाही.

भाच्यानं शेवटी तीन वर्षं वापरलेली सीएनजीची गाडी घेतली. हप्ता कमी बसला. पंपावरच्या रांगेत तास जातो, त्याला तो झोपेचा तास म्हणतो. हायब्रीडचा विषय त्यानं सोडलेला नाही. सुरतेच्या दवाखान्यांच्या पार्किंगमध्ये गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, सगळीकडच्या गाड्या उभ्या असतात. पेशंट आत गेला की हा हायब्रीड गाड्यांचे ड्रायव्हर गाठतो, चहा पाजतो आणि दोनच प्रश्न विचारतो: गाडी किती फिरली आणि बॅटरी मूळचीच का? उत्तर तो त्याच वहीत मागच्या पानावर लिहितो. त्याला दोन लाख सोळा हजारांच्या पुढं गेलेली एक गाडी हवी आहे, आणि तिचा ड्रायव्हर समोर बसलेला हवा आहे. परवा सुरतेहून आला तेव्हा पानावर नवा आकडा होता. एक लाख अडतीस हजार, बॅटरी मूळचीच. त्यापुढं त्या ड्रायव्हरचा फोन नंबर लिहिलेला होता, आणि कंसात ‘सहा महिन्यांनी विचारणे’.